एका बादलीचे दोन आकडे

"त्रेपन्न सेकंद," बिभीषणने घड्याळ दाबलं आणि स्वतःच दचकला.

"काका, मघाशी एक्केचाळीस म्हणालात ना?" इंजिनियर शिवांजली मॅडमने वहीतून मान वर केली. "बादली तर तीच आहे."

"व्हय, तीच हाय. पर..." त्याने घड्याळ उलटंपालटं करून पाहिलं.

माकणीजवळच्या एका जुन्या पुलाच्या दगडी खांबांना भेगा पडल्या होत्या. त्यांत सिमेंट आणि चिकणमातीचा दाट घोळ पंपाने भरायचा होता. घोळ नरसाळ्यात ओतायचा, खालच्या भोकावरचं बोट काढायचं आणि लिटरभर गळायला किती सेकंद लागतात ते मोजायचं, हे बिभीषणचं काम. आकडा पन्नासच्या वर गेला तर घोळ पंपात तुंबतो आणि भेगेत खोल शिरत नाही, पस्तिशीच्या आत आला तर भेगेत टिकत नाही. बावीस वर्षं वेगवेगळ्या ठेकेदारांकडे तो हेच करत आला होता.

मुकादम रणधीर तावातावाने आला. "मान्सं खोळंबल्यात. काका, डोळं गेलं का तुमचं? एक्केचाळीस सांगा अन् मोकळं व्हा."

बिभीषणने चष्मा सदऱ्याला पुसला, घोळ खसाखसा ढवळला आणि पुन्हा मोजला. बेचाळीस! आता मात्र तो पार गांगरला. घड्याळ बिघडलं, बोट उशिरा निघालं, का डोकंच चालेनासं झालं? अशा माणसाला पुढच्या कामावर कोण ठेवील?

"म्याडम, दोनीबी लिवा," तो अखेर म्हणाला. "म्या खोटं न्हाय बोलायलो. कसं झालं त्ये मातुर कळंना."

रणधीर कपाळाला हात लावून निघून गेला. शिवांजलीने बिभीषणला सावलीत बसवलं. "पहिल्यांदा मोजल्यावर बादली किती वेळ तशीच होती?"

"च्या पिऊन आलो. पंधरा-ईस मिंटं."

तिने आणखी दोन बादल्या करवून घेतल्या. एक ढवळत ठेवली, दुसरीला हातच लावू दिला नाही. ढवळलेली चाळिशीतच राहिली. निवांत ठेवलेली छप्पन्नवर गेली.

"काका, तुमचे दोन्ही आकडे खरे आहेत!" ती हसली. "हा घोळ बसून राहिला की आळतो, हलवला की पुन्हा सैल होतो. बरं झालं सांगितलंत. जेवणाच्या सुट्टीत पंप बंद केला असता, तर नळीतच आळला असता."

त्या दुपारी रणधीरने मुकाट्याने सुट्टीतही पंप आणि ढवळणी चालू ठेवली.

बिभीषणच्या चेहऱ्यावर मात्र आनंद दिसेना. "म्हंजी मोठा आकडाबी खरा असतुया?"

"हो."

"मंग म्याडम, आजवर असा आकडा आला की म्या खोडत आलो. वाटायचं, आपलाच हात चुकला. तिकडं भूमच्या पुलाच्या भेगा भरताना तर कितींदा... आतून पोकळ ऱ्हायल्या असत्याल तर?"

शिवांजलीने वही मिटली. "तो पूल उभा आहे ना, काका?" तिने विचारलं.

रविवारी तो एस.टी.ने भूमला गेला. पुलाशी उतरून कोरड्या पात्रात शिरला आणि पहिल्या खांबावर त्याने तळवा टेकला. वरून उसाचा ट्रॅक्टर धडधडत गेला. त्याने भरलेल्या भेगेवर टिचकी मारली आणि आत पोकळ वाजतं का ते कान लावून ऐकलं.

शेळ्या घेऊन चाललेली एक बाई थबकली. "काय हुडकायलाव, बाबा?"

"काय न्हाय," तो म्हणाला आणि दुसऱ्या खांबाकडे वळला.