दीपस्तंभ आणि गोगलगाय

दाताच्या डॉक्टरांना चालायचा मनापासून कंटाळा होता. रक्तातली साखर वाढल्याचा रिपोर्ट आला तेव्हा बायकोने फर्मान काढलं, "उद्यापासून रोज फिरायला जायचं." डॉक्टर गेले, आणि कोपऱ्यावरच्या बाकावर बसून पेपर वाचून परत आले. हे तीन-चार दिवस चाललं. मग मुलीने त्यांच्या फोनवर जिओकॅशिंगचं ॲप टाकून दिलं आणि सांगितलं, "बाबा, यात लोकांनी गावभर डब्या लपवल्यात. नकाशा बघायचा, डबी शोधायची, आतल्या चिठ्ठीवर आपलं नाव लिहायचं आणि डबी होती तिथेच ठेवायची. बास."

"आणि मिळतं काय?"

"काही नाही."

काही मिळत नाही म्हटल्यावर डॉक्टर भुलले. आपण निःस्वार्थी आहोत असा त्यांचा फार जुना समज होता.

पहिली डबी त्यांना एका बागेतल्या बाकाखाली मिळाली. त्यासाठी त्यांनी दवाखान्यातला दात बघायचा छोटा आरसा आणला होता आणि गुडघ्यांवर बसून, मान वाकडी करून ते बाकाची तपासणी करत होते. त्याच बाकावर बसलेलं वयस्कर जोडपं उठून दुसरीकडे जाऊन बसलं. डॉक्टरांना त्याचं काही वाटलं नाही. आत्तापर्यंत इतक्या लोकांनी त्यांना बघून पळ काढला होता, की आणखी दोघांनी काय फरक पडणार!

खेळात खरं नाव नसतं, टोपणनाव घ्यावं लागतं. डॉक्टरांनी 'दीपस्तंभ' घेतलं. बायकोने विचारलं, "का हो, उंचीवरून?" डॉक्टर बायकोच्या खांद्याला लागत. ते म्हणाले, "मार्गदर्शनावरून."

आणि मार्गदर्शन त्यांनी केलंच. खेळ सुरू करून पुरता महिना झाला नसेल, तोच त्यांनी गावातल्या खेळाडूंच्या गटाच्या पानावर 'डबीधर्म' नावाचा लांबलचक लेख टाकला. काही डब्यांत अदलाबदलीच्या बारीकसारीक वस्तूही असतात, त्यातली घेतली तर तितक्याच मोलाची ठेवावी. डबी होती तशीच, त्याच अंगाने ठेवावी. फुलझाडं तुडवू नयेत. स्वतःचं पेन जवळ बाळगावं. खेळाबाहेरच्या माणसांना सुगावा लागू देऊ नये, कारण कुतूहलाने ती डबी उचलून नेतात आणि मागून येणाऱ्याची फेरी फुकट जाते. नियम सगळे खरेच होते आणि सगळ्यांना आधीपासून माहीत होते. डॉक्टरांनी फक्त ते अशा सुरात सांगितले होते, की वाचणाऱ्याला आपण दात न घासता आलो आहोत असं वाटावं. शेवटचं वाक्य तर त्यांनी ठळक अक्षरांत टाकलं होतं : 'डबी ही शर्यत नव्हे.'

हे वाक्य एका व्यक्तीसाठी होतं. नवी डबी लपवली गेली की ती सगळ्यांत आधी शोधण्याचा एक वेगळाच मान असतो, आणि त्या गावात तो मान दर वेळी एकच जण पटकावत असे. टोपणनाव 'गोगलगाय'. डॉक्टर धापा टाकत पोचायचे, डबी उघडायचे, की चिठ्ठीच्या डोक्यावर गोगलगायीची बारीक, तिरकी सही तयार! डॉक्टरांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या. मग ते घरी येऊन डबीधर्मात आणखी एक परिच्छेद घालायचे.

एका सकाळी दवाखान्यात एक नव्या बाई आल्या. पेशाने प्राण्यांच्या डॉक्टर. दाढेचा तुकडा उडाला होता, त्यावर टोपी बसवायची होती आणि त्यासाठी दातांचं माप घ्यायचं होतं. बाई मोकळ्या स्वभावाच्या होत्या. खुर्चीत बसताना म्हणाल्या, "घाबरू नका, मी चावत नाही. माझे पेशंट चावतात."

डॉक्टर खूश झाले. त्यांनी माप घ्यायचा लगदा कालवला, पत्र्याच्या ट्रेमध्ये भरला आणि बाईंच्या वरच्या दातांवर दाबून बसवला. ट्रेचा दांडा ओठांतून बाहेर डोकावत होता. "आता हे घट्ट होईपर्यंत नाकाने श्वास घ्या. बोलू नका."

तेवढ्यात डॉक्टरांच्या खिशात फोन किणकिणला. त्याच क्षणी, अगदी त्याच सुरात, बाईंचा फोनही किणकिणला. तो शेजारच्या टेबलावर पडला होता आणि त्याच्या पडद्यावर लिहिलं होतं : 'गोगलगाय, तुमच्या जवळच नवी डबी!'

डॉक्टरांनी वाचलं. मग त्यांनी स्वतःचा फोन काढला. हात नको तेवढा वर गेला आणि बाईंनीही वाचलं : 'दीपस्तंभ, तुमच्या जवळच नवी डबी!'

दोघं एकमेकांकडे बघत राहिले. बाईंना बोलता येत नव्हतं, पण त्यांच्या भुवया चांगल्या शिकलेल्या होत्या. डबीधर्म त्यांनी शेवटच्या परिच्छेदापर्यंत वाचलाय, हे भुवयांवरून कळत होतं.

डॉक्टरांनी नकाशा उघडला. डबी समोरच्याच बागेत होती, रस्ता ओलांडला की झालं. खाली एका ओळीची खूण होती : 'जिथे पाणी येत नाही.'

आता खरं तर डॉक्टरांनी पेशंटजवळ थांबायला हवं होतं. त्यांना ते कळतही होतं. पण गोगलगाय तोंडात लगदा घेऊन खुर्चीत अडकलीये असा योग पुन्हा कधी यायचा? त्यांच्यातला दीपस्तंभ क्षणात मालवला. "हे नीट घट्ट व्हायला थोडा वेळ लागेल," ते अतिशय व्यावसायिक आवाजात म्हणाले. "हलू नका. मी आलोच." दारातल्या मदतनीस बाईंना त्यांनी "जरा बघा यांच्याकडे" असं सांगितलं आणि हातमोजे, मास्क, ॲप्रन अशा अवतारात ते जिन्याने धावत सुटले. बायकोने हे पाहिलं असतं तर साखरेचं औषध बंद केलं असतं.

बागेत शिरून त्यांनी कारंजं गाठलं. कारंजं बंदच असायचं, म्हणजे पाणी येत नाही ते हेच. ते कठड्याशी ओणवे झाले आणि फटींत बोटं घालू लागले. एका फटीत गोळ्यांचा कागद मिळाला, दुसरीत मुंग्या मिळाल्या. मुंग्यांनी हातमोज्यांची पत्रास ठेवली नाही. हात झटकत त्यांनी वर पाहिलं, तर फाटकातून बाई येत होत्या. गळ्यात निळा कागदी रुमाल, तोंडातून बाहेर आलेला पत्र्याचा दांडा, हनुवटीवर लाळेची धार. बदकाने एखाद्या कामगिरीवर निघावं तशा त्या ठाम पावलं टाकत होत्या. त्या कारंज्याकडे फिरकल्याच नाहीत. माळ्याच्या खोलीमागे प्यायच्या पाण्याचा एक नळ होता, तो कैक दिवस कोरडा होता. बाई थेट तिकडे निघाल्या.

डॉक्टरांनी धूम ठोकली. वाटेत, नळाच्या अलीकडेच, शेवंतीचा वाफा होता. तो त्यांनी मधून ओलांडला. फुलझाडांविषयीचा नियम त्यांनी स्वतःच लिहिला होता आणि लिहिताना त्यांच्या डोळ्यांपुढे दुसऱ्याचे पाय होते.

"अहो, बाई! घाबरू नका!" बागेचा रखवालदार ओरडला. दृश्य त्याला स्वच्छ समजलं होतं. पुढे तोंडात काहीतरी अडकलेली बाई पळतेय आणि मागे मास्क लावलेला डॉक्टर तिला धरायला धावतोय. "डॉक्टर, मी अडवतो!" असं म्हणून तो नळासमोर हात पसरून उभा राहिला. बघता बघता फिरायला आलेले लोक जमले.

बाईंनी डॉक्टरांकडे पाहिलं. डॉक्टरांनी बाईंकडे पाहिलं. दोघांनाही एकच गोष्ट छळत होती : बाहेरच्यांना सुगावा लागता कामा नये. डबीविषयी अवाक्षर काढायची सोय नव्हती.

"काय झालं डॉक्टर? पळून आल्या का?" रखवालदाराने विचारलं.

डॉक्टरांनी मास्क सारखा केला. "हो," ते म्हणाले, "जरा... घाबरल्या."

बाईंचे डोळे असे झाले, की डॉक्टरांना त्यांच्या सगळ्या चावऱ्या पेशंटांची कणव आली. पण बाईंनीही तोल सांभाळला. दोन्ही हात गालांवर ठेवून त्या घाबरल्यासारख्या नळाच्या ओट्यावर बसल्या.

"असं कसं बाई!" एक आजोबा समजुतीच्या सुरात म्हणाले. "एवढ्या मोठ्या झालात आणि दाताला भिता? माझे तर सगळे काढले यांनी. मी हूं की चूं केलं नाही." त्यांच्या तोंडात आता दाखवण्यासारखं काही नव्हतं, तरी त्यांनी ते दाखवलं.

आता ट्रे काढणं भाग होतं, आणि तो निघेना. लगदा वेळेत काढला तर सुटून येतो. तो इतका वेळ तोंडात ठेवून पेशंटने बाग फिरावी अशी कुणाची अपेक्षा नसते. डॉक्टरांनी दांडा धरून ओढला, हलवला, पाय रोवला. आजोबा "जोर लावा!" म्हणत होते. रखवालदाराने बाईंचे खांदे धरले. डॉक्टरांच्या कपाळावर घाम आला. चष्मा धुकाळला. एवढ्या वर्षांत त्यांनी कितीतरी दात काढले होते, पण प्रेक्षकांसमोर कधी नाही. अखेर पच्चकन आवाज होऊन ट्रे हातात आला आणि डॉक्टर मागच्या मागे शेवंतीत जाऊन बसले.

बाईंनी जबडा एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे फिरवून पाहिला. मग म्हणाल्या, "सापडली."

"काय सापडली? दाढ?" आजोबा पुढे सरसावले.

"हो, दाढ," बाई म्हणाल्या. त्यांची मूठ घट्ट मिटलेली होती. इकडे डॉक्टर जीव खाऊन ओढत होते, तेव्हा बाईंचा एक हात मागे नळाच्या बुडाशी चाचपत होता, हे शेवंतीत बसल्या बसल्या डॉक्टरांच्या ध्यानात आलं.

लोक पांगले. बाईंनी ओट्याच्या आडोशाला डबी उघडली, चिठ्ठी काढली आणि हात पुढे केला. "पेन द्या. माझी पर्स वर राहिली. शर्यत नव्हती ना, म्हणून गडबडीत विसरले."

डॉक्टरांनी ॲप्रनच्या खिशातून पेन काढून दिलं. चिठ्ठी कोरी होती. बाईंनी डोक्यावर तिरकी सही केली आणि पेन परत दिलं. डॉक्टरांनी खाली 'दीपस्तंभ' लिहिलं. एवढं मोठं नाव त्यांना पहिल्यांदाच लिहायला जड गेलं.

"गोगलगायबाई," ते म्हणाले, "मी तुम्हाला असं सोडून यायला नको होतं. चुकलंच माझं."

"चुकलंच. माझेही पेशंट पळतात, पण मी त्यांच्या आधी नाही पळत." मग त्या अचानक हसायला लागल्या, इतक्या की ओट्याला धरून बसावं लागलं. "मात्र तुमच्या जागी मी असते, तर मीही हेच केलं असतं. कुत्र्याला टेबलावर बांधून आले असते."

समोरच्या खिडकीतून मदतनीस बाईंची हाक आली, "डॉक्टर! पुढचे पेशंट आलेत, आणि ते विचारतायत की सगळ्यांनाच बागेत यायचंय का?"

माप अर्थातच वाया गेलं होतं. ते दुसऱ्या दिवशी पुन्हा घ्यावं लागलं. त्यासाठी बाईंनी अट घातली : दोघांचेही फोन मदतनीस बाईंच्या ताब्यात. डॉक्टरांनी मुकाट्याने फोन दिला. टोपी छान बसली.

बाहेर मात्र डॉक्टरांचं पुरतं हसं झालं. रखवालदाराने गोष्ट गल्लीत सांगितली, गल्लीने ती पुढे नेली, आणि ती दोन वळणं घेऊन परत आली तेव्हा तिच्यात डॉक्टरांनी एका बाईची दाढ भर बागेत पकडीने उपटली होती. पेशंट येईनासे झाले. जे यायचे ते खुर्चीत बसायच्या आधी दार कुठे आहे हे बघून घ्यायचे. खरं काय ते सांगायची चोरी होती, कारण डबी अजून तिथेच होती. डॉक्टर मूग गिळून बसले. घरी बायकोला सगळं सांगितलं, तर ती पोट धरून हसली आणि शेवटी म्हणाली, "म्हणजे धावलात तरी. उद्या साखर तपासून घ्या."

त्या आठवड्यात डॉक्टरांनी दोन कामं केली. पहाटे माळ्याला गाठून त्याच्याबरोबर शेवंतीचा वाफा पुन्हा लावला. माळ्याने कारण विचारलं नाही, कारण वाफ्यात उमटलेला ठसा बघूनच तो काय ते समजला होता. आणि गटाच्या पानावरून त्यांनी डबीधर्म काढून टाकला, त्या जागी घडलं ते सगळं लिहिलं, मुंग्यांसकट. आजवरच्या त्यांच्या कुठल्याच लेखाला एवढे वाचक मिळाले नव्हते. वाचून गटातले लोक एकेक करून दात दाखवायला येऊ लागले. आल्यावर ते आधी विचारायचे, "डॉक्टर, आज नवी डबी नाही ना?"

पुढच्या सुट्टीला गोगलगायीने डॉक्टरांना आणि त्यांच्या बायकोला गावाबाहेरच्या टेकडीवर नेलं. तिथली डबी म्हणे बऱ्याच दिवसांत कुणाला सापडली नव्हती. तिघांनी दगड उचलून पाहिले, झाडांच्या ढोल्या धुंडाळल्या, डॉक्टर दोनदा घसरले. ऊन चढलं तरी डबी काही मिळेना. बायको एका खडकावर बसून थर्मासमधली कॉफी ओतू लागली आणि म्हणाली, "ती दिसते तरी कशी?"

"कुणाला ठाऊक," गोगलगाय म्हणाली.

डॉक्टरांनी कॉफीचा घोट घेतला आणि फोन काढून त्या डबीच्या पानावर लिहिलं, 'सापडली नाही. तिघांनी शोधली. टेकडी छान आहे.' मग बूट काढून, पाय पसरून ते खडकाला टेकले आणि बायकोला म्हणाले, "अजून थोडी असेल तर दे."