छतावरचे बुडबुडे

संध्याकाळी साडू येणार होता, हिला न्यायला. त्याआधी मला छपराची गळती शोधून बंद करायची होती, नाहीतर माझा संसार त्याच्या गाडीत बसून निघून जाणार होता. अगदी गळ्याशी आलं होतं.

आमचं घर म्हणजे एक जुनी व्हॅन. मागे पलंग, मध्ये ओटा आणि बेसिन, दाराशी कपाटाएवढा संडास. निवृत्त झालो तेव्हा फ्लॅट लेकाला दिला आणि हिला म्हटलं, चल, जन्म लिफ्टच्या खड्ड्यात गेला, आता जरा मोकळं फिरू. साडू आमच्या गाडीला ‘डबा’ म्हणतो. म्हणू दे. स्वतः कधी एक खिळा ठोकला नाही पठ्ठ्याने, भिंतीवर घड्याळ लटकवायलाही माणूस बोलावतो.

मी लिफ्टचा मेकॅनिक. तक्रार आली की पेटी उचलायची, दुरुस्त करायचं, सही घ्यायची, पुढची तक्रार. घरातही तेच. ही म्हणाली, चालत्या गाडीत चमचे खडखडतात. खणात रबराची चटई घातली. संडासाचा वास येतो म्हणाली. टाकीत बर्फ आणि भांड्यांचा साबण टाकून गाडी खडबडीत रस्त्यावरून फिरवून आणली, टाकी आतून लख्ख. गुडघे दुखतात म्हणाली. दाराला घडीची पायरी लावली, पाय घसरू नये म्हणून वर खरखरीत पट्टी. झोप लागत नाही, सगळं कलल्यासारखं वाटतं, म्हणाली. एका बाजूच्या चाकांखाली फळ्या सरकवल्या आणि ओट्यावर पाण्याची बाटली आडवी ठेवून बुडबुडा मधोमध आलेला दाखवला. ‘बघ, एकदम लेव्हल!’ ती ‘हं’ म्हणाली. मला ती सही वाटायची. भाजीच्या सुरीचं टोक वाकलेलं दिसलं, तेही तिने न सांगताच ठोकून सरळ करून दिलं.

पण या गळतीने माझं नाक कापलं. पलंगावर, नेमकं हिच्या उशाशी, टप टप. पहिल्यांदा गळलं तेव्हा पलंगावरच्या छतखिडकीचे स्क्रू आतून आवळले, वरचे सगळे सांधे खरवडून त्यांत सीलंट भरलं. पुढच्या पावसात पुन्हा टप टप. मग वरून पट्टी चिकटवली. पुन्हा टप टप. काल तर तिने ओली उशी माझ्यासमोर बेसिनमध्ये पिळली.

‘अहो, बास झालं आता. मी ताईकडे जाते. उद्या भाऊजींना बोलावलंय.’

‘किती दिवस?’

‘जाते म्हटलं ना.’

या बाईशिवाय मला सकाळचा चहासुद्धा गोड लागत नाही. मी म्हटलं, ‘आणि गळती थांबवली तर?’

तिने पिळलेली उशी झटकली. ‘थांबवा आधी.’

थांबवली तर राहीन, असाच याचा अर्थ होतो ना? मी तरी तोच धरून बसलो.

आज सकाळपासून उघडीप होती, पण पलीकडे आभाळ भरून येत होतं. मी शेवटचा उपाय काढला. वरून पाणी ओतून गळती सापडत नाही. पाणी आत शिरतं एकीकडून आणि छताच्या पोटातून वाट काढत टपकतं भलतीकडेच. म्हणून काम उलटं करायचं. दारं-खिडक्या घट्ट लावायच्या, ब्लोअरने आत हवा भरायची आणि बाहेरून छतावर साबणाचं पाणी फासायचं. फट असेल तिथे बुडबुडे येतात. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर काढतात तसंच.

बाहेरची हवा आत ओढली जावी म्हणून ब्लोअरच्या मागच्या तोंडाला नळी जोडून ती बेसिनच्या खिडकीतून बाहेर काढली, भोवती टॉवेल कोंबले आणि ब्लोअर हिच्या हातात दिला. ‘बटण दाबून धर. मी सांगेपर्यंत सोडायचं नाही.’

शिडीवरून वर चढलो, पत्र्यावर जाड फळी टाकून गुडघे टेकले आणि पुढच्या टोकापासून ब्रश फिरवायला सुरुवात केली. छतावरच्या दिव्याजवळ काही नाही. पंख्याच्या झाकणाजवळ काही नाही. छतखिडकीजवळ आलो आणि ब्लोअर बंद.

‘अगं, सोडलंस का?’

‘बोट दुखलं हो.’

पुन्हा सुरू झाला, पुन्हा बंद.

‘आता काय?’

‘वायर ढिली आहे बहुतेक.’

‘वायर मी सकाळी बघितलीय! तुला साधं एक बटण धरता येत नाही? इथे माझी कंबर मोडतेय आणि तुझं काय चाललंय?’

साबण वाळायला लागला. ढग जवळ आले होते आणि वारं थंड झालं होतं. मला रडूच फुटायची वेळ आली. छतावर बसून रडणारा म्हातारा कुणी बघितला असता तर काय म्हणालं असतं? म्हणू दे काय ते. मी पत्र्यावर तोंड टेकून म्हणालो, ‘एकदाच नीट धर गं. तुझ्या पाया पडतो. मला एकट्याला टाकून जाऊ नकोस.’

थोड्या वेळाने ब्लोअर सुरू झाला. या वेळी बंद पडला नाही.

छतखिडकीच्या एका अख्ख्या बाजूने फेस फुगून वर आला. ‘सापडली!’ मी ओरडलो. ‘अगं, सापडली!’ सीलंटची ट्यूब काढली, चौकट दाबून धरायला गेलो, तर ती हाताखाली हलली. मी आवळलेली चौकट हलणार कशी? काचेतून आत वाकून बघितलं. खाली ही उभी होती, ब्लोअर दोन्ही हातांनी धरून, माझ्याकडेच बघत. चेहरा पांढराफटक.

खाली उतरलो. पलंगावर चढून छतखिडकीची आतली प्लॅस्टिकची पट्टी काढली. त्या बाजूचे सगळे स्क्रू अर्धे बाहेर आलेले, डोक्यांवर ओरखडे. माझ्या पान्याचे नव्हेत, स्क्रूड्रायव्हरचेही नव्हेत. मला सुरीचं वाकलेलं टोक आठवलं.

‘तू काढलेस?’

‘हो.’

‘प्रत्येक वेळी?’

‘तुम्ही वरून बुजवलंत की मी आतून आणखी सैल करायची.’

‘अगं पण का? सांगायचं ना मला!’

‘सांगितलं की,’ ती म्हणाली. ‘गुडघे दुखतात म्हणून सांगितलं, तर तुम्ही पायरी बसवलीत. झोप लागत नाही म्हणून सांगितलं, तर बाटली आणून दाखवलीत. मला वाटलं, तुम्हाला दुरुस्तच करता येणार नाही असं काहीतरी झालं, तर निदान तेव्हा तरी तुम्ही म्हणाल, चल, परत जाऊ. तुम्ही आणखी एक ट्यूब घेऊन आलात.’

‘मग आज बटण का धरलंस?’ मी म्हणालो.

‘पाया पडतो म्हणालात ना,’ असं म्हणून ती पलंगाच्या कडेवर बसली आणि रडायला लागली. मी शेजारी बसलो. ट्यूब माझ्या हातातच होती. कुठे ठेवावी, तेही सुचेना.

बाहेर हॉर्न वाजला. पाऊसही तेव्हाच आला. पहिला थेंब उशीवर पडला, मग दुसरा. माझा हात सवयीने स्क्रूड्रायव्हरकडे गेला आणि तिने माझ्या हाताकडे बघितलं. मी हात मागे घेतला.

साडूने डोक्यावर पिशवी धरून दारातून आत डोकावलं. ‘काय मेकॅनिकसाहेब, डबा गळतोय वाटतं अजून?’

‘गळतोय,’ मी म्हणालो. ‘नाही होत दुरुस्त.’

साडूचं हसू तिथेच थांबलं. तिने डोळे पुसले, बॅग उचलली, दाराशी गेली आणि माझ्याच पायरीवर पाय ठेवून मागे वळली.

‘तुमच्या गोळ्या ओट्याखालच्या खणात आहेत,’ ती म्हणाली. ‘त्या घ्या आणि चला.’