चरकाची कमान

माकणीच्या बंडप्पाचं गुऱ्हाळ ऐन भरात असताना अदालतीचा हुकूम घेऊन टांगा आला. चुलवाण पेटलेलं, काहिलीत रस उकळ्या मारतोय, तोडलेल्या उसाची रास माणसाच्या डोक्यावर गेलेली. अशा वेळी यम जरी आला तरी त्याला रस पाजून बाजूला बसवतात. पण टांग्यातून उतरलेले, चरक बनवणाऱ्या सांबर कंपनीचे राघवेंद्रराव रसाच्या पेल्याकडं न बघताच चरकाकडं निघाले, तेव्हाच लालबीनं हातातला ऊस खाली ठेवला.

चरकात ऊस घालायचं काम तिचं. आधी ते तिचा नवरा गफार करायचा. जुन्या चरकाच्या लोखंडी लाटांनी, म्हणजे ऊस पिळणाऱ्या रुळांनी, एकदा उसाबरोबर त्याच्या उजव्या हाताची बोटंही ओढून नेली. तो बैलांमागं गेला आणि लालबी चरकापुढं बसली. बसताना तिनं बंडप्पाला एकच अट घातली: नवा चरक आणा, कमानवाला. कमान म्हणजे लाटांच्या तोंडावर बसवलेलं लोखंडी झाकण. ऊस आत जाईल, हात जाणार नाही. बंडप्पानं कुरकुरत का होईना, गेंडा छाप चरक आणला, आणि लालबीचे दोन्ही हात आजवर त्या कमानीच्या जिवावर शाबूत होते.

"ही काढावी लागेल," राघवेंद्रराव कमानीवर बोट ठेवून म्हणाले. "चोरीची आहे."

"ओ सायेब!" बंडप्पा उसळला. "राजरोस इकत आणलाय चरक!"

"चोरी तुमची नाही हो. गेंडा कंपनीची. अशी कमान बसवायची कल्पना आमच्या सांबर कंपनीनं आधी सरकारात नोंदवलीय. गेंडावाल्यांनी ती उचलली. हैदराबादच्या अदालतीत खटला चाललाय. निकाल लागेपर्यंत गेंडा चरकावर कमान दिसता कामा नये."

"मग तुमची बसवा की," लालबी म्हणाली. "सांबराची."

राघवेंद्रराव जरा घुटमळले. "आमची अजून निघाली नाही. लढाईमुळं लोखंड मिळत नाही. अन् निकालाआधी कंपनी कशाला घाई करेल?"

"म्हंजी सवतीनं सोता पाळणा टांगायचा न्हाय, अन् मी टांगला तर दोरी कापायची."

बंडप्पाला हसू आलं, पण हुकुमावरचा शिक्का बघून ते मिशीतच विरलं. त्यानं उसाच्या राशीकडं बघितलं, काहिलीकडं बघितलं, लालबीकडं मात्र बघितलं नाही. "ऊस वाळाय लागलाय, लालबी. एवढा निघंस्तवर जरा जपून घाल."

बैलांच्या पाठीवर हात टाकून उभा असलेला गफार तिथनंच बोलला, "जपूनच घालत हुतो मी बी, मालक."

राघवेंद्ररावांनी पान्हा काढला, कमान सोडवली आणि टांग्यात नेऊन टाकली. ते परत आले तेव्हा लाटांचं तोंड उघडं पडलेलं होतं. लालबी उठून उभी राहिली.

"बसा, सायेब."

"कुठं?"

"माझ्या जागी. ज्यानं चरक उघडला त्यानं पैला ऊस घालायचा, आमच्यात रीत हाय. मिस्त्री ढिलं काम करून पळत्यात, म्हनून."

"मी काय मिस्त्री आहे?"

"पान्हा तर तुमीच फिरवला."

"रीत हाय खरी," बंडप्पा पुटपुटला. लालबीचा हात वाचवायची हिंमत त्याला झाली नव्हती, पण रीत मोडायचीही झाली नाही.

राघवेंद्रराव कसनुसं हसले आणि कोटासकट बसले. गफारनं बैल हाकले. लाटा कुरकुरत फिरू लागल्या. पहिला ऊस गेला. दुसरा गेला. साहेबांच्या चेहऱ्यावर 'यात काय एवढं' असं उमटलं, आणि तिसरा ऊस निघाला वाकडा. लाटांत शिरताच तो गर्रकन फिरला. कांड्याच्या पाचटात कोटाची बाही अडकली आणि मनगटाला हिसका बसला.

"थांबवा!" ते किंचाळले.

पण बैल काही माणसाच्या ओरडण्यानं जागच्या जागी थांबत नाहीत. गफार धावत पुढं झाला आणि त्यानं जू छातीवर घेतलं. तोवर बाहीचं टोक आत गेलं होतं, बोटांत आणि लाटांत जेमतेम दोन बोटांचं अंतर. लालबीनं उसाचा कोयता उचलला आणि खांद्यापासून कापड टराटरा फाडलं. साहेब मागं उताणे पडले. बाही लाटांतून चपटी होऊन पलीकडं चिपाडात पडली, रसानं भिजून.

त्यांनी उघडा हात पोटाशी धरला आणि बोटं पुन्हा पुन्हा चाचपली. गफारनं पाण्याचा तांब्या दिला, डाव्या हातानं. त्याचा बिनबोटांचा उजवा हात बघून राघवेंद्रराव जास्तच पांढरे पडले.

"कमान आणा," ते म्हणाले. "मी कळवतो, माकणीचा चरक बंद आढळला."

"अन् कुनी सांगितलं तर?" बंडप्पानं विचारलं.

"तर माझी नोकरी जाईल. आणा म्हणतो ना!"

लालबी टांग्याकडं गेली. कमान वरच पडली होती, पण तिच्याखाली पोतं होतं, आणि त्यात तशाच कमानी खच्चून भरलेल्या. कमान घेऊन ती परत आली.

"पोत्यातल्या कुठल्या?"

"सास्तूरच्या. जेवळीच्या." साहेब कमानीच्या बोल्टाची चाकी आवळत होते, मान वर केली नाही.

"तितं बी कुनीतरी बाईमानूस बसलं आसंल चरकापुढं."

पान्हा दोनदा घसरला. काम झाल्यावर त्यांनी कुणाचा निरोप घेतला नाही. टांग्यात चढले आणि निघाले.

लालबीनं त्यांनी आवळलेल्या चाक्या एकेक करून पुन्हा आवळल्या. घसरत्या पान्ह्याचं काम, त्यावर कुणी भरवसा ठेवावा? मग ती बसली. बैल चालू लागले. नदीवरच्या फाट्यापाशी टांगा थांबल्याचा आवाज तिला आला. तिथून एक वाट परत सास्तूरला जायची, एक पुढच्या, कमानी अजून शाबूत असलेल्या गावांना. घोडा फुरफुरला. चाकं पुन्हा वाजली. कुठल्या वाटेला, ते बघावं असं तिला फार वाटलं. पण ऊस हातात होता आणि लाटा फिरत होत्या. तिनं नजर हातांवरून काढली नाही.

"कुनीकडं गेला?" तिनं विचारलं.

गफार मान उंचावून बघत राहिला. "धुरळा लई उडालाय," तो म्हणाला. "बसंल तवा सांगतो."