उशिरा वाजलेला गजर

मित्रांनो, माझ्या पायांखाली एक पत्र बरेच दिवस पडून होते. त्याला कोणी उत्तर लिहीत नव्हते. मी एक जुने गजराचे घड्याळ आहे. पत्र दाबून धरणे हे काही माझे काम नव्हे. पण जुन्यांना कोण विचारतो?

मी नवे होते तेव्हा घरच्या धाकट्याला शाळेसाठी उठवत असे. पहिल्याच ठोक्याला तो उठे आणि कौतुक माझे होई. त्याची विशी उलटली आणि जवळ कोणी नसतानाही त्याला माणसांचे बोलणे ऐकू येऊ लागले. डॉक्टरांनी आजाराचे नाव सांगितले: स्किझोफ्रेनिया. औषधांनी ते आवाज शमले, पण झोप वाट चुकली ती चुकलीच. रोज थोडी पुढे सरके. मी घसा फोडून ओरडे, तो दुपारी उठे. मला वाटे, आपलाच आवाज बसला असावा.

"उगवलात का भावजी?" वहिनी विचारत. "आता वाढू की एकदम रात्रीचंच?"

"आत्ताच वाढा. पोट माझ्याआधी उठलंय."

थोरले भाऊ हसत नसत. "आळस आहे नुसता," म्हणत आणि त्याच्या तोंडावर पाणी मारत.

मग डॉक्टरीणबाईंचे ते पत्र आले. त्यात लिहिले होते: शरीराच्या पेशींत वेळ राखणारी जनुके असतात. या आजारात काहींच्या त्या जनुकांची लय बिघडलेली दिसते. तेच कारण का, हे अजून ठाऊक नाही. झोपेवर उपचार करून बघू, आणि अभ्यासासाठी दोघा भावांचे रक्त हवे.

'दोघा' या शब्दाशी थोरले अडखळले.

"माझ्यातही तेच निघालं तर?"

"न बघितल्यानं जाणार आहे का ते?" वहिनी म्हणाल्या.

पत्र माझ्याखाली गेले. मी अस्वस्थ. टिकटिक करावी तरी त्याच्या उरावर.

पुढे मीही मागे पडू लागले. थोरल्यांनी मला जपून टॉवेलात गुंडाळले. धाकटा चहा पीत बसला होता.

"दादा, हे मागे पडलं तर तू दुरुस्तीला नेतोस. मी मागे पडलो की पाणी मारतोस."

तो हसत म्हणाला. बाकी कोणी हसले नाही. थोरल्यांनी मला खाली ठेवले आणि उभ्याउभ्याच उत्तर लिहिले: 'दोघेही येतो.'

मित्रांनो, मागे पडलेल्याला रागावण्याआधी एकदा उघडून बघा. माझे काही चुकतही असेल, पण मला एवढेच कळते.

दुरुस्तीच्या वाटेवर टपालपेटी होती. थोरल्यांचा हात तिच्या तोंडाशी थबकला. तेवढ्यात काखेतल्या टॉवेलात मी वाजले, अगदी भलत्याच वेळी. ते दचकले, आणि पत्र आत पडले.