न वाळलेली चकती

धाकटीचा सकाळपासून एका जागी पाय ठरत नव्हता. प्रयोगशाळेतल्या उबदार कपाटाचं दार ती उघडायची, बशा बघायची आणि पुन्हा लावायची.

तिचा दादा शिंपी. सगळी हयात पायाने मशीन चालवण्यात गेलेली, आणि आता त्याच पायाचा अंगठा चिघळलेला. जखमेतले जंतू एकाही औषधाला दाद देत नव्हते. डॉक्टर म्हणाले होते, "अंगठा काढू, पाय वाचेल." तेवढ्यात धाकटीने तेच जंतू काचेच्या बशीत वाढवले आणि त्यांवर पानांच्या अर्कात भिजवलेली कागदाची चकती ठेवली. दुसऱ्या दिवशी चकतीभोवतीचे जंतू साफ मेलेले. कित्येक वर्षं त्या पानांचा ध्यास घेतलेली बाई ती. तिच्या पोटात आनंद मावेना. तिने तडक दादाला फोन लावला.

दादाने डॉक्टरांना बजावलं, "थांबा जरा. घरचं औषध आलंय."

काल दुपारी जेवताना मात्र तिचा घास हातातच राहिला. अर्क अल्कोहोलमध्ये काढलेला होता. अल्कोहोल उडून जाईपर्यंत चकती आधी पूर्ण वाळवायची असते, आणि शेजारी नुसत्या अल्कोहोलची चकती ठेवून पडताळायचं असतं. उतावळेपणात तिने दोन्ही केलं नव्हतं. फोन करावा की नाही? 'आधी खात्री करू,' असं म्हणत तिने नव्या बशा लावल्या आणि उरलेला दिवस तोंडाला कुलूप घातलं.

आज उत्तर समोर होतं. वाळलेल्या अर्काच्या चकतीला चिकटून जंतू मजेत वाढले होते. ओल्या अल्कोहोलभोवती मात्र तोच स्वच्छ गोल होता.

ती धावत इस्पितळात गेली. "दादा, माझं औषध चालत नाही. जंतू अल्कोहोलने मेले होते. आणि शंका आली तरी मी काल गप्प बसले."

"म्हणजे दारू पिणाऱ्यांचंच बरोबर म्हणायचं," दादा म्हणाला.

तिला हसू येईना. डॉक्टरांनी पट्टी सोडली. मागच्या वेळी अंगठ्याशी थांबलेलं त्यांचं बोट आज घोट्यावर येऊन थांबलं.

"आता इथून काढावा लागेल," ते म्हणाले.

धाकटीला धरणी दुभंगावी असं झालं. दादा खिडकीकडे तोंड करून पडला होता.

"हाताने चालणारं मशीन मिळतं ना गं?" त्याने विचारलं.

"मिळतं," ती म्हणाली.