तिसऱ्या पानामागची पारू

मी मेंढीचं पुस्तक बोलतोय. पानं आठ, चित्रं आठ, आणि प्रत्येक चित्राखाली एकच ओळ. दुसऱ्या पानावर कोकरू हरवतं, आठव्यावर सापडतं. मधे मेंढी डोंगर चढते, नदी ओलांडते, पण तिच्या तोंडावरचं हसू काही हलत नाही. चित्रकाराला रडकी मेंढी जमत नसावी.

वाशीमच्या एका मास्तरांनी मला त्यांच्या लेकीसाठी, मंजुळासाठी घेतलं. माझ्यावर बोट ठेवून ती अक्षरं शिकली. शेहेचाळीस साली लग्न होऊन ती कनेरगाव नाक्याच्या अलीकडं, निजामाच्या मुलखात आली, तेव्हा लुगड्यांच्या घडीत मीही आलो. माहेर चार-पाच कोसांवर, पण मधे हद्द. नाक्यावर पेट्या उघडून बघत, त्यामुळं जाणंयेणं नावापुरतंच.

नव्या सुनेनं फार बोलू नये, हा नियम मंजुळाला जड गेला नाही. ती मुळातच कमी बोलायची. पण दुपारी घर निवांत झालं की ती मला उघडायची आणि तिसऱ्या पानावर अडायची. तिथं लिहिलंय, ‘मेंढी खूप फिरली.’ खूप म्हणजे किती? जेवली कुठं? कुणी हाकललं? याबद्दल माझ्याकडं काहीच नव्हतं, आणि मला त्याची कधी लाजही वाटली नव्हती.

तिचा नवरा संतराम हिंगोलीला कापसाच्या जिनिंगवर कामाला होता. तिथले पाठकोरे कागद तो घरी आणायचा. मंजुळा त्यांवर लिहू लागली. मेंढीची पारू झाली, कोकराची पारूची लेक झाली. पारू लेकीला शोधत हद्द ओलांडून निघाली. लिहून झालेले कागद मंजुळा गोधडीच्या सुईनं माझ्यातच शिवायची, ज्या त्या चित्रामागं. दोन वर्षांत मी असा फुगलो की मिटेना.

एका दुपारी सासूबाईंनी, द्वारकाबाईंनी तिला पकडलं.

“माहेरी कागाळी लिहून राहिली का गं?”

“न्हाई आत्याबाई. मेंढीचं हाय.”

“मेंढीचं काय लिवायचं? चरती, बसती. वाच बरं.”

मंजुळानं वाचलं. दुसऱ्या दिवशी द्वारकाबाई आपणहून कापूस घेऊन वाती वळायला तिच्याजवळ बसल्या. “काल त्या दुकानदारानं पारूला हाकललं. मंग?” पारू उपाशी निजली की त्या चिडायच्या. “काहून? गावात एक भाकर द्यायला कोणी न्हाई? माणसं मेली का समदी?” मग मंजुळा मुकाट्यानं एक भाकर लिहून टाकायची.

घोटाळा झाला तो कौतुकापायी. आडावर शेजारच्या अनुसयाबाईला द्वारकाबाई रोज पारूची हकिगत सांगत, ‘आमच्या सुनेनं लिवून ठेवलंय’ म्हणत. पारू नाक्यावरून कशी निसटली, शिपायाला कसं चकवलं. ही गोष्ट आहे, एवढं सांगायचं तेवढं राहून जायचं.

अठ्ठेचाळीसचा उन्हाळा होता. रझाकारांच्या भीतीनं माणसं दबकून बोलत. त्यात गावभर झालं की संतरामच्या घरी पळून जाणाऱ्यांची नावं लिहून ठेवतात. एका सकाळी अनुसयाबाई धापा टाकत आली.

“द्वारके, तुमच्या घरी झडती येऊन राहिली म्हणतेत. ती पारू लपवली कुठं?”

काय करायचं ते मंजुळाला कुणी सांगावं लागलं नाही. तिनं मला मांडीवर घेतलं आणि एकेक टाका कापला. दोनशेवर पानं निघाली. द्वारकाबाईंनी ती न्हाणीच्या चुलीत घातली. शेवटचा गठ्ठा हातात धरून त्या थांबल्या.

“लेक घावली का गं तिला?”

“तेच लिवायचं राहिलं होतं.”

पाणी त्या दिवशी लवकर उकळलं. अंघोळ कुणीच केली नाही.

झडती आलीच नाही. सप्टेंबरात निजामाचं राज्य गेलं. मंजुळा माहेरी जाऊन आली, आईला भेटली. संतरामनं कागद आणून ठेवले. “लिही की पुन्हा.”

“आठवत न्हाई,” ती म्हणाली. खोटं बोलायची तिला सवय नाही, लगेच कळतं.

आता मी फडताळात असतो. पाठीला भोकं पडली आहेत, पानं सुटत चालली आहेत. दुपारी द्वारकाबाई मला काढतात. वाचता येत नाही, तरी तिसरं पान उघडून पारूची गोष्ट मोठ्यानं सांगत बसतात. मंजुळा पाठमोरी धान्य निवडत असते. वळत नाही.

परवा द्वारकाबाई म्हणाल्या, “मंग त्या म्हातारीनं पारूला लुगडं पांघरलं.”

“घोंगडं,” मंजुळा म्हणाली.

द्वारकाबाई चुकून चुकल्या की मुद्दाम, मला सांगता येणार नाही. मंजुळाच्या हातातलं सूप मात्र थांबलं होतं.

तुम्ही कधी या घरी आलात तर एवढं करा. तिला ‘लिही’ म्हणू नका. बसा, पाणी प्या, आणि पारूची गोष्ट जरा चुकवून सांगा.