गुलाबी पाणी

घमेल्यातल्या पाण्याला फिकट गुलाबी छटा होती. पहिलं पाणी नालीत ओतलेलं दिसत होतं. तिथल्या सिमेंटवर त्याचा गडद ओघळ अजून ओला होता. हे दुसरं किंवा तिसरं असावं. माझ्या सासूबाई, सुमित्राबाई, दोन्ही हातांनी धान चोळत होत्या.

पऱ्हे टाकून, म्हणजे रोपांसाठी पेरून, उरलेलं ते बियाणं. चार-पाच किलो, गुलाबी बुरशीनाशक लावलेलं. पिशवीवर ‘विष’ असं लिहिलेलं. त्यांना वाचता येत नाही, म्हणून आठ दिवसांपूर्वीच मी वाचून दाखवलं होतं.

“आई, हे खायचं नाही. सांगितलं होतं ना?”

“तीन पानी झाले. रंग गेला का नाही, पाह्य तूच. वाळवतो नि मिलमधून कांडून आणतो.”

“रंग गेला म्हणजे औषध गेलं असं नसतं.”

“मास्तरीन झाली म्हणून धान उकिरड्यावर फेकाचं काय वो? शाळेत हेच शिकवून राहिली पोरायले?”

माझा नवरा योगराज दारात उभा होता. त्याचं शिक्षण होईपर्यंत या बाईने अख्खा तांदूळ विकला आणि स्वतः कण्या शिजवून खाल्ल्या. त्याला काय बोलता येणार?

मागच्या पोळ्याला त्यांनी मुदत संपलेलं, मोठ्यांचं खोकल्याचं औषध आमच्या प्रियाला पाजलं. अर्धी बाटली वाया जाऊ नये म्हणून. चार वर्षांची पोर दोन दिवस दवाखान्यात. परतताना बसमध्ये आम्ही दोघांनी एक गोष्ट ठरवली. तू सांग, तो म्हणाला. आई तुमची आहे, मी म्हणाले. त्याला दहा महिने झाले.

“मम्मी, मीपण धुतलं!” घमेल्यामागून प्रिया उठली. दोन्ही तळवे गुलाबी.

मी तिला नळाखाली नेऊन साबणाने हात चोळले. तळव्यांचा रंग निघाला, नखांच्या कडांचा निघाला नाही. तोंडात बोट घातलं होतं का, विचारलं. ती आजीकडे पाहू लागली.

सासूबाईंचा चेहरा उतरला. त्या स्वतःचे हात पदराला पुसत राहिल्या. पदराच्या टोकाला कोठीची किल्ली बांधलेली होती.

“अन्न हाय, बाई,” त्या हळू म्हणाल्या. “मले फेकताच येत नाही.”

मी योगराजकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता.

“आई,” बसमध्ये ठरलेलं मी शेवटी बोलले, “आजपासून कोठीची किल्ली माझ्याकडे राहील.”